समासातल्या ओव्या

"पोलिसापुढची कबुली," मी मशीनचं पायडल थांबवून म्हटलं. "पुढं?"

"कोर्टापुढं नाही चालली," यमुना स्वयंपाकघरातून ओरडली.

"पुढं?"

आतून पळी ठेवल्याचा आवाज आला. मग फोडणी तडतडली. मग काहीच नाही.

"पंचविसाव्यानं अडवली, पुराव्यामाजी," मी सांगून टाकलं.

ती पीठभरल्या हातानं दारात आली. "दादा, तू सांगू नकोस ना रे! मला आठवू दे की जरा."

"तुझं तोंड मिटलं की माझं आपोआप उघडतं. बावीस वर्षांची खोड आहे, आता कुठं जायची?"

"परीक्षेला काय तुला पदराला बांधून नेऊ?"

"ने की. कोपऱ्यात गप बसेन."

"तू आणि गप!" असं म्हणून ती हसत आत गेली.

चांदवडात माझं शिवणकामाचं दुकान आहे, घराच्याच ओसरीवर. आणि दर एकादशीला, सप्ताहात, कुणाच्या पुण्यतिथीला त्र्यंबकबुवांचं कीर्तन असलं की त्यांच्या मागे टाळ घेऊन मी उभा असतो. कीर्तन हा माझा जीव आहे, तो सांगायला बसलो तर ही गोष्ट राहून जाईल. एवढंच सांगतो, की बुवा कितीही मोठे असले तरी भर रंगात एखादी ओळ त्यांच्याही तोंडून निसटते. अशा वेळी मागच्यानं पहिले दोन शब्द टाळांच्या आवाजात मिसळून हळूच पुढं सरकवायचे. लोकांना वाटलं पाहिजे, बुवा मुद्दामच थांबले होते. ओळ दिली हे कुणाला सांगायचं नाही, बुवांनाही नाही. त्यांनी आभार मानायचे नाहीत आणि आपण वाट बघायची नाही. मला हे वडिलांनी शिकवलं.

यमुना माझी धाकटी बहीण. मनमाडला दिली होती. सहा वर्षांत नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला चांदवडच्या बसमध्ये बसवून दिलं. पोटगीसाठी पाच वर्षं ती इथल्या कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. एका तारखेहून आली, चपला न काढताच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, माझंच चाललंय आणि मलाच कळत नाही. वकील बोलतात, साहेब लिहितात, आणि मी माझ्याच खटल्यात बहिऱ्यासारखी उभी असते."

बी.ए. झाली होतीच. एकतिसाव्या वर्षी तिनं वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. काज-बटणं करता करता, मांडीवर पुस्तक ठेवून अभ्यास केला. गल्लीतले लोक म्हणाले, नवऱ्याला आत टाकण्यासाठी चाललंय हे. ती म्हणायची, "त्याला कशाला? त्याला बाहेरच राहू दे, तीच शिक्षा आहे त्याला, त्या बाईबरोबर." नाशिकला प्रवेश मिळाला. तीन वर्षं सकाळची साडेसहाची एसटी.

कलमं मात्र तिच्या डोक्यात राहीनात. वाचायची, रडायची, परत वाचायची. मग मी म्हटलं, कलम काय म्हणतंय ते मला साध्या भाषेत सांग. ती सांगायची, मी मशीनवर बसून त्याची ओवी करायचो. पोटगीचं तर पहिल्याच दिवशी झालं:

कलम सव्वाशेचं सांगणं,
बायको-लेकरांना पोसणं,
मायबापांना ना टाकणं,
चुकेना कुणा.

अशा दीडशेच्या वर ओव्या झाल्या. तेवढ्यावर ती पास होत गेली. सनद मिळाली, पण कच्ची. पहिल्या दोन वर्षांत बारची परीक्षा काढली तरच ती पक्की होणार. नाही काढली तर कोर्टात उभं राहायचं नाही. काळा कोट मी शिवला. देवरे वकिलांच्या कचेरीत तिला एक टेबल मिळालं.

पहिल्या वेळेला ती चार मार्कांनी गेली. त्या परीक्षेला कायद्याची पुस्तकं आत नेता येतात, बघून लिहिता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"मग नापास कशी झालीस गं?"

"शोधण्यातच वेळ जातो दादा. शंभर प्रश्न. हे कुठल्या कायद्यात, ते कुठल्या पानावर... नुसती पानं उलटत बसले."

दुसऱ्या खेपेची तारीख आली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, रविवारची. तिची दोन वर्षं डिसेंबरात संपत होती. म्हणजे सनद संपायच्या आत हीच शेवटची. देवरे वकिलांनीही तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "यमुनाताई, राग मानू नका. निकाल आला तर टेबल तुमचं. नाही आला तर मला दुसरा माणूस बसवावा लागेल." आणि पिंपळगावची हौसाबाई होती. साठीची बाई, नवऱ्यानं टाकलेली, पोरांनीही टाकलेली. तिची पोटगीची केस यमुनानं पहिल्या कागदापासून स्वतः उभी केली होती. शेवटचा युक्तिवाद जानेवारीत होता. "तो मी करणार," यमुना म्हणायची. "हौसाबाईला मी प्रत्येक तारखेला समजावून सांगते काय चाललंय ते. तिला सगळं कळतं, दादा."

परीक्षेसाठी तिनं नाशिकहून नवी कोरी पुस्तकं आणली. तीन होती. दसऱ्याच्या दुपारी ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "ही पूजेला ठेव. मी सोनं देऊन येते गल्लीत."

पाटावर सरस्वती काढली. कात्री, टेप, मशीनची तेलाची कुपी मांडली. मग पुस्तकं ठेवायला घेतली आणि सहज उघडली. आत एक रेघ नव्हती. तिची जुनी पुस्तकं जत्रेसारखी रंगलेली असायची, लाल, हिरवी, समासात बारीक अक्षरं. ही नुसती पांढरी. मला वाटलं, नवी आणली आणि खुणा करायला पोरीला वेळच मिळाला नाही. उद्या परत पानं उलटत बसणार.

माझ्या कानावर पेन्सिल असतेच. ती कुठं अडते हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पुराव्याच्या कायद्यात पंचविसाव्यापाशी लिहिलं, 'पोलिसापुढची कबुली.' पोटगीच्या सव्वाशेपाशी 'कलम सव्वाशेचं.' मुदतीच्या कायद्यात ती हमखास घसरायची, तिथं सात-आठ ठिकाणी. प्रत्येक ओवीचे फक्त पहिले दोन शब्द. सगळे मिळून सदतीस झाले. मोजले, कारण शेवटच्यापाशी मला फार आनंद झाला होता. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि तिन्ही पुस्तकं पिवळ्या फडक्यात बांधून पाटावर ठेवली.

ती आली तेव्हा मी म्हटलं, "उद्या उचलेपर्यंत उघडायची नाहीत हां."

"अरे, मी याच घरात वाढलेय ना? दसऱ्याला पुस्तक उघडल्याबद्दल बाबांचा मार कुणी खाल्ला होता? मीच ना?"

समासातल्याबद्दल मी तिला बोललो नाही. ते सांगायचं नसतं.

रविवारी सकाळी पुस्तकांवर अक्षता टाकून तिनं ती उचलली आणि तशीच बांधलेली पिशवीत घातली. एसटीत तिला वाचलं की मळमळतं, त्यामुळे गठ्ठा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. ओझरच्या पुढं एकदा म्हणाली, "दादा, पास झाले ना, तर त्र्यंबकबुवांचं कीर्तन ठेवायचं आपल्या ओसरीवर."

"मशीन कुठं ठेवू?"

"डोक्यावर घे."

केंद्र म्हणजे एक कॉलेज होतं. फाटकाबाहेर काळे कोट, पांढरे कपडे, लेकुरवाळ्या बाया, सासरे, नवरे, सगळी जत्रा. मोबाइल आत चालत नव्हते. तिनं तिचा माझ्याकडे दिला. दहाला पहिली घंटा झाली तशी ती माझ्या पाया पडली आणि आत गेली. लांबून हात केला, पिवळं फडकं दिसलं, मग गर्दीत मिसळलं.

फाटक साडेदहाला बंद होणार होतं. मी फुटपाथवर बसलो. माझ्याशेजारी एक पोरगी, पंचविशीची असेल, मांडीवर पुस्तक घेऊन खोडरबरानं खसाखसा काहीतरी पुसत होती. चुऱ्यानं तिची मांडी पांढरी झाली होती.

"काय पुसताय ताई?"

"नोट्स हो काका. पुस्तकात हातानं लिहिलेलं एक अक्षर चालत नाही. कॉपी धरतात." ती मान वर न करता म्हणाली. "मूर्खासारखं मी काल रात्री खुणा करून बसले. जुन्या पुस्तकात करायच्या सोडून नवंच घाण केलं."

मला आधी नीट कळलंच नाही. मग यमूनं नवी कोरी पुस्तकं का आणली ते ध्यानात आलं.

"पेन्सिलीचं असलं तरी?"

"पेन्सिलीचं असो नाहीतर कशाचं. आत बाकावर येऊन पानं चाळून बघतात."

"माझी बहीण आत गेलीय," मी म्हटलं. "तिच्या पुस्तकात आहे. तिला माहीत नाही. ताई, तुम्ही आत जाताय ना, तेवढं तिला सांगा, पुसून टाक म्हणावं. यमुना खैरनार. पिवळं फडकं आहे."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "हॉल नंबर काय?"

"ते तिच्या कागदावर आहे."

"बघते काका," ती उठली, रबर माझ्या हातात द्यायला लागली, मग स्वतःच्याच खिशात टाकलं. "पण आठशे जण आहेत आत."

ती पळत गेली. मी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत. वॉचमन म्हातारा होता, भला होता.

"आत नाही जाता येणार, बाबा. निरोप द्यायचाय का? चिठ्ठी लिहून द्या. शिपायाकडून पाठवतो. वर साहेब बघतील आणि देतील."

त्यानं मला वहीचा अर्धा कागद दिला. मी कानावरची पेन्सिल काढली.

काय लिहू? 'यमू, पुस्तकातलं पुसून टाक' लिहिलं, की ती चिठ्ठी आधी साहेब वाचणार. न लिहिलं तर ती एकटीच. कदाचित कुणी तपासणारच नाही. कदाचित ती पोरगी तिला गाठेल. कदाचित यमू स्वतःच आधी बघेल. पांडुरंगाला मी खूप काही म्हटलं त्या पाच मिनिटांत, सगळं आता आठवत नाही.

"लिहिताय ना?" वॉचमन म्हणाला. "फाटक लावायचंय."

मी कोरा कागद त्याला परत दिला. "राहू द्या. तसं काही खास नाही."

त्यानं फाटक लावलं.

अकरा ते अडीच. साडेतीन तास मी त्या फाटकासमोर उभा राहिलो. बसायला जागा होती, पण बसवेना. लोक भेळ खात होते. एक सासरेबुवा मला विचारत होते, तुमची सून का? मी म्हटलं, बहीण. ते म्हणाले, हुशार असेल. मी म्हटलं, फार. साडेबाराच्या सुमाराला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी दोन माणसं काहीतरी बोलताना दिसली, मग खिडकी लावून घेतली. त्याचा तिच्याशी काही संबंध नसेलही. पण मी त्या खिडकीकडे बघत राहिलो.

अडीचला घंटा झाली आणि लोंढा बाहेर आला. सगळ्यांच्या हातात पुस्तकं. कुणाच्या काखेत, कुणाच्या छातीशी, एकानं तर उन्हासाठी डोक्यावर धरलं होतं. यमुना सगळ्यात शेवटी आली. पिशवी तिच्या खांद्यावर लोळत होती, रिकामी.

"कसा गेला?" मी विचारलं.

"अवघड होता."

"पुस्तकं कुठं?"

"आत जमा करून घेतली."

आमच्या बाजूनं माणसं जात होती, पुस्तकं घेऊन. तिनं मला त्यांच्याकडे बघताना बघितलं.

"काहींची घेतात," ती म्हणाली. "चल, भूक लागलीय."

तेवढ्यात ती रबरवाली पोरगी धावत आली. "काका! ह्याच का तुमच्या ताई? मी शोधलं हो, पण माझा हॉल तिसऱ्या मजल्यावर निघाला." मग यमुनाला, "ताई, काका बिचारे फार घाबरले होते. पुसलंत ना तुम्ही ते?"

यमुना माझ्याकडे बघत नव्हती. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हो गं. पुसलं. तुझा पेपर कसा गेला?"

"बरा गेला!"

"छान. देव तुझं भलं करो."

एसटी स्टँडच्या बाकावर तिनं डबा उघडला. भाकरी मला दिली, स्वतः घेतली. दोघांनीही तुकडा मोडला नाही.

"यमू, मी—"

"पंचवीस कलम काढलं आणि तुझं अक्षर दिसलं," ती म्हणाली. "मला हसूच आलं रे आधी. मोठ्यांदा. शेजारचा बघायला लागला. मग लक्षात आलं."

"मग?"

"रबर नव्हतं. बोटाला थुंकी लावून पुसायला गेले. पान फाटलं. त्या आवाजानं सुपरवायझर आले. सगळी पुस्तकं चाळली. सदतीस ठिकाणी आहे म्हणाले. तूही मोजले होतेस का?"

मी मान डोलावली.

"दुसऱ्या खोलीत नेलं. तिथल्या साहेबांनी माझी उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि म्हणाले, हे अक्षर तुमचं नाही. कोणी लिहून दिलं? बाहेरचा माणूस कोण? नाव सांगा, पोलिसांना बोलावतो."

"मग सांगायचंस ना! मी फाटकातच होतो!"

"म्हणून तर."

मी उठलो. "मी आत्ता जातो. सांगतो त्यांना. शिंप्याला काय कळतं कायद्यातलं? तिला माहीतच नव्हतं म्हणतो. फासावर देणार आहेत का मला?"

"बस खाली."

"नाही, मी—"

"दादा, बस." कोर्टात ती कशी बोलत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. मी बसलो. "मी लेखी जबाब देऊन आलेय. अक्षर माझंच आहे, घाईत लिहिलंय म्हणून वेगळं दिसतं, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. खाली सही. आता तू जाऊन खरं सांगितलंस, तर मी खोटं लिहून दिलं असं होतं. आज नुसती कॉपी आहे. मग खोटा जबाब होईल. त्याला वेगळं कलम आहे. सनद दे म्हणायला तोंडच उरणार नाही, कधीच."

"मग आता?"

"आता दोन वर्षं बंदी घालतील. तसं म्हणाले." तिनं भाकरी डब्यात ठेवली, झाकण लावलं. "गाडी लागलीय बघ."

गाडीत मी एकदा म्हणालो, "मला चिठ्ठी लिहून देता आली असती. कागद हातात होता. मी लिहिली नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती. "बरं केलंस," म्हणाली.

ते तिनं मनापासून म्हटलं की माझ्यासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पत्र महिनाभरात आलं. दोन वर्षं बंदी. डिसेंबरात तिची कच्ची सनद संपली. टेबलावर देवरे वकिलांनी त्यांच्या भाच्याला बसवलं. हौसाबाईच्या केसचे सगळे कागद यमुनानं त्याला तीन दिवस बसून समजावले. युक्तिवादाला त्यानं पुढची तारीख मागितली, मग त्याच्या पुढची. हौसाबाई दर तारखेला कोर्टातून सरळ आमच्या ओसरीवर यायची आणि विचारायची, "आज काय झालं वो, पोरी?" सुरुवातीला यमुना कचेरीत विचारून सांगायची. नंतर म्हणाली, "बाई, मी तिथं नव्हते, मला कसं माहीत असेल?" मग हौसाबाई यायची थांबली.

दोन वर्षं संपली तेव्हा मीच नाशिकला जाऊन परीक्षेचा अर्ज आणला. दुपारची वेळ होती. यमुना तोवर माझ्याबरोबर मशीनवर बसायला लागली होती. तिचा हात माझ्याहून सफाईदार आहे. तिनं अर्ज घेतला, पेन घेतलं, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. दुसऱ्या पानावर थांबली.

"काय झालं?"

तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. "पूर्वी गैरप्रकाराबद्दल कारवाई झाली असल्यास, सत्य हकिगत स्वतःच्या अक्षरात, शपथेवर."

मी म्हटलं, "लिही की जे आहे ते."

"काय लिहू?" ती म्हणाली. चिडली नव्हती. खरंच विचारत होती. "खरं लिहिलं तर तेव्हाचं खोटं होतं. तेव्हाचंच परत लिहिलं तर आत्ता शपथेवर खोटं बोलते. दादा, सांग ना. काय लिहू?"

मला एक शब्द सुचला नाही.

तिनं पेनाला टोपण लावलं. अर्ज घडी करून कपाटावर ठेवला. मुदत महिनाअखेरपर्यंत होती. मी रोज त्या कपाटाखालून जायचो. त्र्यंबकबुवांना विचारावं असं मनात आलं, एकदा तर त्यांच्या दारापर्यंत गेलोही, पण काय विचारणार? देवाच्या दारी सगळं चालतं म्हणाले असते. आणि तो अर्ज काही देवाच्या दारी द्यायचा नव्हता.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं सकाळपासून मशीनवर होतो. लग्नसराईचं काम होतं, ढीग पडला होता. पोस्ट पाचला बंद व्हायचं. पावणेपाचला तिची मशीन थांबली, तशी मीही थांबवली. ती घड्याळाकडे बघत बसली. मी तिच्याकडे. बाहेरून कुणाची तरी सायकल गेली.

पाच वाजून गेल्यावर तिनं ढिगातलं वरचं ब्लाउज उचललं, उलटं केलं, शिवण बघितली.

"दादा, ह्याला अस्तर लावायचंय का?"

"लाव," मी म्हटलं.